एका चढासाठी घडवलेलं इंजिन

साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये माझी सारी नोकरी एका आकड्यावर नजर ठेवण्यात गेली. २१ किलो. दर चौरस सेंटिमीटरला २१ किलो दाब. काटा त्याच्या खाली घसरला की मिलवाल्यांचा फोन, वर चढला की सेफ्टी व्हॉल्व्हचा गजर. आता नवे बॉयलर याच्या कितीतरी पट दाबाचे आले आहेत, पण आमच्या पिढीचा बॉयलर म्हणजे २१ किलोचाच. म्हणून अमेरिकेतल्या ‘बिग बॉय’ या वाफेच्या इंजिनाची माहिती पहिल्यांदा हाती आली, तेव्हा त्यातले बाकीचे अवाढव्य आकडे बाजूला राहिले आणि माझी नजर एकाच ओळीवर थांबली: बॉयलरचा दाब, चौरस इंचाला ३०० पौंड. म्हणजे आमचेच २१ किलो.

आमचा बॉयलर उंच शेडमध्ये पक्क्या पायावर उभा होता. पाणी शुद्ध करायला वेगळा प्लांट, हवा ओढायला आय. डी. फॅन, धुराला चिमणी, राख काढायला वेगळी माणसं. बिग बॉयमध्ये हे सगळं एका आडव्या बॉयलरभोवती बसवायचं आणि तो बॉयलर रुळांवरून पळवायचा. वळणं घेत, चढ चढत, वायोमिंगच्या गोठवणाऱ्या वाऱ्यात. या इंजिनाबद्दल लिहिणारे बहुतेक जण ‘जगातलं सर्वांत मोठं’ इथून सुरुवात करतात. मला ते मोठं आहे म्हणून आवडत नाही. त्याचा एकेक आकडा एका चढाला दिलेलं उत्तर आहे, म्हणून आवडतं.

तो चढ युटा राज्यात आहे. ऑग्डेन शहरातून पूर्वेकडे निघालं की वासॅच डोंगररांग लागते आणि युनियन पॅसिफिक रेल्वेची मुख्य लाईन वायोमिंगच्या दिशेनं चढू लागते. चढ १.१४ टक्के, म्हणजे साधारण ८८ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आपल्या बोरघाटात हेच प्रमाण ३७ मीटरला एक मीटर आहे. कर्जतला गाडीला मागून ढकलणारं बँकर इंजिन लावतात ते त्यासाठीच. त्या मानानं वासॅचचा चढ सौम्य वाटेल. पण तिथल्या मालगाड्या सौम्य नव्हत्या आणि तो चढ मैलोन्‌मैल संपत नाही. जड गाडीला ऑग्डेनहून जास्तीचं इंजिन जोडायचं, वर नेऊन सोडायचं आणि मोकळं परत आणायचं. जोडण्या-सोडण्यात वेळ जाणार, ड्रायव्हर-फायरमनची आणखी एक जोडी लागणार, आणि लाईन अडून राहणार ती वेगळीच. तेव्हा रेल्वेनं आपल्या इंजिनिअरांपुढे सरळ मागणी ठेवली: ३,६०० अमेरिकी टनांची, म्हणजे आपल्या हिशेबानं सुमारे ३,२६६ टनांची मालगाडी एकाच इंजिनानं हा चढ चढली पाहिजे.

इथे कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर इंजिन डोळ्यांपुढे उभं राहू लागतं. गाडी ३,२६६ टन आणि इंजिन स्वतः टेंडरसह, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासह, सुमारे ५४० टन, मिळून ३,८०० टनांच्या वर. १.१४ टक्के चढावर या वजनाचा मागे खेचणारा भाग होतो ४३ टन. त्यात चाकांचं आणि बेअरिंगांचं घर्षण ढोबळमानानं नऊ-दहा टन मिळवा. म्हणजे इंजिनाला नुसतं गाडी हलती ठेवायला ५३ टनांची ओढ हवी. बिग बॉयची ओढ किती? १,३५,३७५ पौंड, म्हणजे ६१ टनांहून थोडी जास्त. गरजेपेक्षा थोडंच अधिक, उगाच दुप्पट नाही.

हा १,३५,३७५ आकडा कुठून आला तेही सांगतो, कारण तो गुणाकार मी स्वतः करून पाहिला आणि शेवटच्या पौंडापर्यंत जुळला. चार सिलिंडर आहेत, प्रत्येकाचा व्यास २३.७५ इंच, पिस्टनची धाव ३२ इंच. ओढणाऱ्या चाकांचा व्यास ६८ इंच. व्यासाचा वर्ग करायचा, त्याला धावेनं गुणायचं, मग ३०० पौंडांच्या दाबानं. बॉयलरमधला दाब सिलिंडरात पूर्ण पोचत नाही म्हणून ८५ टक्के धरायचे आणि चाकाच्या व्यासानं भागायचं. दोन सिलिंडरांच्या एका जोडीची ओढ येते ६७,६८७ आणि अर्धा पौंड. अशा दोन जोड्या. दुप्पट करा, १,३५,३७५.

पण सिलिंडरात ताकद असून भागत नाही. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरतं; जोर जास्त झाला की चाक जागच्या जागी गरगरतं. कोरड्या रुळावर साधारण वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढी ओढ चाकांना पेलते, असा जुन्या इंजिनवाल्यांचा ठोकताळा. म्हणजे ओढणाऱ्या चाकांवर ओढीच्या चौपट वजन हवं. बिग बॉयच्या या चाकांवर वजन आहे ५,४०,००० पौंड. १,३५,३७५ ला चारनं गुणून पाहा. दोन्ही टोकं जुळवून आणणाऱ्या माणसांबद्दल मला खरोखर आदर वाटतो. त्यांच्याकडे संगणक नव्हता. स्लाईडरूल होती आणि आधीच्या इंजिनांचा अनुभव होता.

ती माणसं म्हणजे युनियन पॅसिफिकच्या संशोधन विभागाचा प्रमुख ऑटो जेबलमन आणि त्याचे सहकारी. बांधणी न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी इथल्या अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीनं केली. १९४१ मध्ये २० इंजिनं आली, १९४४ मध्ये आणखी पाच. क्रमांक ४००० ते ४०२४. कारखान्यातल्या कुणा कामगारानं इंजिनाच्या तोंडावर खडूनं ‘बिग बॉय’ लिहिलं आणि तेच नाव चिकटलं.

आता चाकांकडे येऊ. ५,४०,००० पौंड रुळांवर टाकायचे तर एका धुरीवर किती टाकणार? आठ धुऱ्यांवर वाटले तरी प्रत्येक धुरीवर ३० टनांहून जास्त भार येतो. त्यासाठी जाड रूळ लागले, काही वळणं मोकळी करावी लागली. ऑग्डेन आणि ग्रीन रिव्हर इथे इंजिन फिरवण्याच्या १३५ फुटी चकत्या बसवल्या, कारण टेंडर धरून इंजिनाची लांबी १३२ फूट ९ इंच.

आठ धुऱ्या एकाच सरळ चौकटीत बसवल्या असत्या तर ते इंजिन वळणावर रूळ पसरवून खाली उतरलं असतं. म्हणून चौकट दोन तुकड्यांत केली. प्रत्येक तुकड्यात चार धुऱ्या, आणि पहिल्या धुरीपासून चौथीपर्यंतचं अंतर फक्त १८ फूट ३ इंच. मागचा तुकडा बॉयलरला पक्का जोडलेला, पुढचा तुकडा एका मोठ्या खिळीवर डावी-उजवीकडे वळणारा. सर्वांत पुढे वाट दाखवणारी चार छोटी चाकं आणि मागे भट्टीचं ओझं पेलणारी चार छोटी चाकं. अमेरिकी पद्धतीनं ही रचना ४-८-८-४ अशी लिहितात. वळणावर पुढचा तुकडा रुळांबरोबर वळतो आणि बॉयलर मात्र सरळ रेषेत राहून वळणाच्या बाहेर डोकावतो. वळणावरचा फोटो कधी पाहिलात तर इंजिनाचं तोंड चाकांना सोडून भलतीकडे निघाल्यासारखं दिसेल.

अशी दुभंगलेली इंजिनं स्विस अभियंता अनातोल माले याच्या नावानं ओळखली जातात. त्याच्या मूळ योजनेत वाफ आधी मागच्या सिलिंडरांत वापरायची आणि उरलेल्या दाबावर पुढचे मोठे सिलिंडर चालवायचे. वाफेची बचत होते, पण वेग वाढत नाही. १९१८ मध्ये व्हर्जिनियन रेल्वेनं या पद्धतीची २-१०-१०-२ रचनेची इंजिनं घेतली. त्यांची ओढ १,४७,२०० पौंड, बिग बॉयपेक्षा जास्त! पण चाकं ५६ इंचांची, आणि कोळशाच्या गाड्या रांगत्या चालीनं न्यायच्या. युनियन पॅसिफिकला असं चालणार नव्हतं. त्यांच्या गाड्यांमध्ये कॅलिफोर्नियाची फळं-भाजी बर्फाच्या डब्यांतून पूर्वेला जायची. डोंगर ओलांडला की पुढच्या सपाटीवर पळायला हवं. म्हणून चाक ६८ इंचांचं ठेवलं आणि चारही सिलिंडरांना बॉयलरमधली ताजी वाफ दिली. चाक मोठं की ओढ कमी आणि वेग जास्त, हे वरच्या भागाकारातच दिसतं.

डेन्व्हरला मुलीकडे गेलो होतो तेव्हा तिथल्या फोर्नी म्युझियममध्ये ४००५ क्रमांकाचं बिग बॉय पाहिलं. चाक माझ्या टाळूच्या वर येतं. कनेक्टिंग रॉडवर हात ठेवला. पंजा पसरूनही त्याची उंची मावली नाही. लोक पुढून फोटो काढत होते आणि मी दोन तुकड्यांच्या मधल्या फटीपाशी वाकून खाली बघत होतो. ३०० पौंड दाबाची वाफ सतत हलणाऱ्या पुढच्या सिलिंडरांपर्यंत न्यायची, तीही गळती न होता. जागच्या जागी असलेल्या पाईपचा फ्लँज गळला तर आमच्याकडे शिफ्ट बंद पडायची. इथे सांधाच मुळी हलता आहे. तिथून मला मुलीनंच ओढून पुढे नेलं.

भट्टीपाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. बिग बॉयच्या शेगडीचं क्षेत्रफळ १५० चौरस फूट. आपल्या दहा बाय पंधराच्या खोलीची सगळी फरशी पेटलेली आहे, असं समजा. इतकी मोठी शेगडी कशासाठी? युनियन पॅसिफिकचा कोळसा वायोमिंगच्या स्वतःच्या खाणींतला, हलक्या प्रतीचा. किलोमागे उष्णता कमी मिळते, म्हणून तो जास्त जाळावा लागतो आणि जास्त जाळायचा तर शेगडी पसरायला हवी. बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. इंधन जसं, तशी भट्टी.

फावड्यानं ही शेगडी भागवणं कुठल्याही फायरमनच्या आवाक्यातलं नव्हतं. टेंडरच्या तळाशी एक लांब स्क्रू फिरायचा. तो कोळसा भट्टीपर्यंत ढकलत आणायचा आणि तिथे वाफेचे झोत तो शेगडीवर उडवून पसरायचे. कोणता झोत किती सोडायचा हे फायरमनच्या हातात. कोपऱ्यात कोळसा साठला की तिथली आग काळी पडते, मध्ये भोक पडलं की गार हवा आत घुसते. टेंडरमध्ये २८ अमेरिकी टन कोळसा आणि २४,००० अमेरिकी गॅलन, म्हणजे सुमारे ९०,००० लिटर पाणी. पूर्ण जोरावर चढताना तासाला ४० टनांच्या वर पाण्याची वाफ व्हायची, म्हणजे हे पाणी दोन तासांत संपायचं. माझ्या कारखान्यातला मोठा बॉयलर ४० टनीच होता.

हवेचं गणित तर अजूनच सुंदर आहे. आमच्याकडे भट्टीतून धूर ओढायला मोटरवरचा पंखा होता. वाफेच्या इंजिनात पंखाच नाही. सिलिंडरांतून काम करून बाहेर पडणारी वाफ चिमणीतून वर सोडतात आणि ती जाताना आपल्याबरोबर धूर खेचून नेते. त्या ओढीनं शेगडीखालून ताजी हवा वर येते. इंजिन जितकं जोरात राबेल, तितकी वाफ जास्त, तितकी हवा जास्त, तितकी आग प्रखर. मध्ये ना मोटर, ना कुणी बटण दाबणारा. बिग बॉयला यासाठी एकामागे एक दोन चिमण्या आहेत आणि प्रत्येकीच्या खाली वाफेची अनेक तोंडं. वाफेच्या इंजिनाची ‘छुक् छुक्’ म्हणतात ती याच वाफेची.

बॉयलरच्या माणसाला खरी धास्ती असते पाण्याची. भट्टीच्या छतावर सतत पाणी हवं. ते उघडं पडलं तर पत्रा लाल होऊन मऊ होतो आणि २१ किलोचा दाब त्याला फाडून खाली येतो. माझ्या उभ्या बॉयलरमध्ये पाण्याची पातळी म्हणजे पातळी. पण आडवा बॉयलर चढावर तिरका होतो. त्याची लांबी ४० फूट जरी धरली तरी १.१४ टक्के चढावर दोन टोकांच्या पाण्यात साडेपाच इंचांचा फरक पडतो. चढताना पाणी मागे, भट्टीकडे येतं. गेज ग्लासमध्ये भरपूर दिसतं. माथा ओलांडून उतार लागला की तेच पाणी पुढे पळतं आणि भट्टीचं छत उघडं पडायला सुरुवात होते. म्हणून माथ्यावर पोचण्याआधीच पुढच्या उताराचा विचार करून पाणी भरून ठेवायचं. अंधाऱ्या रात्री, हलत्या कॅबमध्ये, काचेच्या नळीत हिंदकळणारं पाणी बघून हे ठरवणाऱ्या फायरमनला मी माझ्या सगळ्या सर्टिफिकिटांसह नमस्कार करतो.

१९४३ च्या चाचण्यांत बिग बॉयनं मागच्या हुकावर ६,२९० अश्वशक्ती दिली, ताशी ४१ मैलांच्या आसपास. त्या वेगाला ओढ २६ टनांवर आलेली असते; ६१ टनांचा आकडा गाडी जागची हलवतानाचा. वेग वाढला की किती वाफ बनते त्यावरच सगळं ठरतं, सिलिंडरांवर नाही. चेसापीक अँड ओहायो रेल्वेच्या २-६-६-६ ‘अ‍ॅलेघेनी’ इंजिनानं ७,४९८ अश्वशक्तीची नोंद केली आहे. सर्वांत मोठं कोण, यावर अमेरिकेतले शौकीन अजून भांडतात. मला त्या भांडणात रस नाही. ज्या चढासाठी बिग बॉय बांधलं तो चढ ते चढलं, आणि तेही दुसऱ्या महायुद्धात, जेव्हा पॅसिफिककडे जाणाऱ्या मालानं ही लाईन तुंबलेली होती.

याच सुमारास आपल्याकडेही अमेरिकी इंजिनं आली. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कंपनीची पहिली १६ डब्ल्यू.पी. इंजिनं भारतात उतरली. पुढे ही जात आपल्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांची मुख्य धुरा झाली. निमुळत्या टोकाचं, ताऱ्याचं तोंड असलेलं ते इंजिन पन्नाशीच्या पुढच्या अनेकांना आठवत असेल. त्याचं चाक ६७ इंचांचं, बिग बॉयपेक्षा एकच इंच कमी. पण दाब २१० पौंड, शेगडी ४६ चौरस फूट, ओढ ३०,६०० पौंड, आणि कोळसा फावड्यानं. चाकं जवळपास सारखी असताना ओढीत चौपटीहून जास्त फरक. आमच्या सपाटीवरच्या प्रवासी गाड्यांना तेवढीच गरज होती.

वाफेचं राज्य डिझेलनं संपवलं. डिझेलला दर दोन तासांनी पाणी लागत नाही, राख काढावी लागत नाही, आणि दोन-तीन इंजिनं एकत्र जोडून एकच ड्रायव्हर चालवू शकतो. बिग बॉयनं शेवटची मालगाडी जुलै १९५९ मध्ये ओढली. २५ पैकी आठ उरली.

मी पाहिलेल्या ४००५ ची हकीकत मला विशेष वाटते. १९४० च्या दशकात त्याला तेलावर चालवून पाहिलं होतं. जमलं नाही, कारण एकच बर्नर एवढ्या मोठ्या भट्टीला सारखी उष्णता देऊ शकला नाही, आणि पुन्हा कोळसा सुरू केला. १९५३ मध्ये हेच इंजिन वायोमिंगमध्ये उघड्या राहिलेल्या सांध्यावर उलटलं आणि त्यावरचे तिघे गेले. दुरुस्त करून ते परत कामाला लावलं.

४०१४ मात्र आज जिवंत आहे. १९६२ पासून ते कॅलिफोर्नियात पोमोना इथल्या संग्रहालयात उभं होतं. २०१३ मध्ये युनियन पॅसिफिकनं ते परत घेतलं. संग्रहालयापासून मुख्य लाईनपर्यंत रूळच नव्हते, म्हणून वाहनतळावर रुळांचे तयार तुकडे अंथरायचे, इंजिन पुढे ओढायचं, मागचे तुकडे उचलून पुन्हा पुढे अंथरायचे, असं करत ते बाहेर काढलं. शायेनच्या वर्कशॉपमध्ये एड डिकन्स यांच्या देखरेखीखाली ते पूर्ण खोललं गेलं. अमेरिकेच्या नियमानं अशा बॉयलरची चालू दिवसांतले १,४७२ दिवस किंवा १५ वर्षं यांपैकी जे आधी भरेल त्या मुदतीत संपूर्ण तपासणी करावी लागते. आमच्या ऑफ सीझनच्या तपासणीचा धाकच निराळा, पण हेतू एकच. भट्टी या वेळी तेलासाठी बदलली आणि ती चालली. मे २०१९ मध्ये, अमेरिकेची दोन किनाऱ्यांना जोडणारी लाईन पूर्ण झाल्याला १५० वर्षं झाली तेव्हा, ४०१४ स्वतःच्या वाफेवर ऑग्डेनला पोचलं.

मुला-मुलींकडे अमेरिकेला जाणाऱ्यांनी यातलं एखादं जरूर पाहावं. न्यू जर्सीत असाल तर पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला ४०१२ आहे, डॅलसजवळ फ्रिस्कोला ४०१८, सेंट लुईसला ४००६, ओमाहाला ४०२३, ग्रीन बेला ४०१७, आणि शायेनच्या बागेत उघड्यावर ४००४. पुढून फोटो काढून झाला की मागे या आणि मधल्या चाकांपाशी वाका. बॉयलरच्या पोटाखाली पुढचा तुकडा मागच्याला कुठे जोडला आहे ते शोधा, आणि वाफेचा पाईप तिथून पुढे कसा गेला आहे तेही. मग भट्टीच्या बाजूला उभे राहून तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा. लागतील तेवढी पावलं सावकाश टाका.